पूररेषा निळी, प्रिंट काळी

नाशिकमध्ये जमिनीचा सौदा रंगांत बोलला जातो. मखमलाबादकडची असो की पाथर्डीकडची, जमीन ‘यलो’त आहे की ‘ग्रीन’मध्ये एवढे कळले की ऐकणाऱ्याला भावाचा अंदाज येतो. विकास आराखड्याच्या नकाशावर रहिवासी विभाग पिवळा असतो आणि शेती विभाग हिरवा. शहराचा सुधारित आराखडा २०१७ साली मंजूर झाला. त्या नकाशात कुणाच्या गटावर कोणता रंग पडला, यावर कुटुंबांचे पुढचे बेत ठरले.

गोदाकाठी यात आणखी दोन रंग येतात. सप्टेंबर २००८ च्या पुरात पाणी रामकुंड ओलांडून सराफ बाजारात शिरले. तोवर नाशिककरांचे पूरमापक म्हणजे दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की छातीपर्यंत गेले, यावर काठावरचे दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवत, आजही ठरवतात. त्या पुरानंतर मात्र नकाशावरच्या दोन पूररेषा शहराच्या रोजच्या बोलण्यात आल्या. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, म्हणजे कोणत्याही एका वर्षी जो येण्याची शक्यता चार टक्के असते. लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची, तिची शक्यता वर्षाला एक टक्का.

राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० च्या डिसेंबरपासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली यूडीसीपीआर, या रेषांना चांगलेच वजन देते. नदीचा काठ आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मोकळे मैदान, पार्किंग, भाजीबाजार अशा गोष्टी चालतात, नवी इमारत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा निर्बंधित. तिथे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण जोते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर उंच हवे. प्लॉटवरून जाणारी रेषा निळी की लाल, या एका गोष्टीवर तिथे इमारत उभी राहणार की लॉन, ते ठरते.

हीच जागा एखाद्या वास्तुविशारदाच्या संगणकावर येते. ड्रॉइंगमध्ये पूररेषा निळी आणि लाल, दोन्ही झळझळीत दिसतात. प्रिंट मारली की कागदावर दोन्ही काळ्या उमटतात, एका जाडीच्या आणि एका वळणाच्या. संगणक बिघडलेला नसतो, प्लॉटरमधली शाईही संपलेली नसते. यंत्राने सांगितले तेच केलेले असते. कॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या संगणकप्रणालीत, पडद्यावरचा रंग हा पुष्कळदा रंग नसतोच. तो पेनाचा नंबर असतो, आणि हे असे का आहे ते समजायला शाईच्या काळात जावे लागते.

*

नाशिकला ड्रॉइंगच्या कागदाची ओळख जुनी आहे. १९५९ साली स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, दिंडोरी रोडवर आहे आणि राज्याच्या धरणांची संकल्पचित्रे करणारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनाही तिथेच. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग विमाने बांधली गेली. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सुट्या भागांची ड्रॉइंग्ज या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत राहिली. हे सगळे ट्रेसिंग कागदावर, काळ्या शाईने. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघे: पांढरट कागदावर निळसर रेघा आणि खोलीभर डोळे झोंबवणारा वास. त्याही आधीची ब्लूप्रिंट उलटी, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. तिची रासायनिक युक्ती जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधली होती.

या दोन्ही पद्धतींत प्रत एकरंगी निघे. रंग लागलाच तर प्रिंटवर हाताने भरायचा. राष्ट्रीय इमारत संहितेतला नकाशे रंगवण्याचा तक्ता याच जगातून आलेला आहे. नियोजित काम लाल भरीव, पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेघांचे, सध्याचा रस्ता हिरवा, भविष्यातला रस्ता हिरव्या ठिपक्यांचा, सांडपाण्याची वाहिनी लाल ठिपक्यांची, पाण्याची वाहिनी बारीक काळ्या ठिपक्यांची. गंमत म्हणजे त्या तक्त्यात साधा पांढरा नकाशा, ब्लूप्रिंट आणि अमोनिया प्रिंट असे तीन वेगळे स्तंभ आहेत. अस्तित्वात असलेले बांधकाम पांढऱ्या नकाशावर काळे, ब्लूप्रिंटवर पांढरे आणि अमोनियावर निळे. कागद बदलला की त्याच वस्तूचा रंग बदलतो, हे नियम लिहिणाऱ्यांनी संगणकाच्या कितीतरी आधी मान्य केले होते.

शाईच्या रेघेला रंग नव्हता, पण जाडी होती, आणि सगळा अर्थ त्या जाडीत असे. कापलेली भिंत जाड, पलीकडे दिसणारी बारीक, मापाची रेघ त्याहून बारीक. त्यासाठी ड्राफ्ट्समनच्या डबीत नळीच्या निबचे पाच-सहा पेन असत आणि ते ओळखू यावेत म्हणून प्रत्येकावर आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे रंगीत कडे. ०.१८ मिलिमीटरला लाल, ०.२५ ला पांढरे, ०.३५ ला पिवळे, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळे. प्रत्येक जाडी मागच्या जाडीच्या सुमारे १.४ पट. हा आकडा २ चे वर्गमूळ आहे. ए-४ कागद मोठा करून ए-३ केला की लांबी नेमकी तेवढीच वाढते, त्यामुळे मोठ्या केलेल्या प्रतीवर पुढचाच पेन घेऊन दुरुस्ती करता येते आणि जोड दिसत नाही. लाल कड्याच्या पेनातून काळीच शाई उतरे. लाल हे फक्त ‘बारीक’ असे सांगणारे चिन्ह.

१९८२ च्या डिसेंबरमध्ये ऑटोकॅड ही कॅड प्रणाली बाजारात आली. नाशिक महानगरपालिका स्थापन झाली तेही हेच वर्ष. तेव्हाचे प्लॉटर खरोखरचे पेन उचलून कागदावर ओढत. सहा किंवा आठ खाचांचे चक्र, प्रत्येक खाचेत एक पेन. कोणत्या रेघेला कोणता पेन उचलायचा हे यंत्राला सांगायला रंगाचा नंबर वापरला गेला. १ लाल, २ पिवळा, ३ हिरवा, ४ आकाशी, ५ निळा, ६ किरमिजी, ७ पांढरा. पुढे यादी २५५ पर्यंत वाढली, पेनचे प्लॉटर मोडीत निघाले, शाईचे फवारे मारणारी यंत्रे आली. सवय मात्र टिकली. ऑटोकॅड २००० ने तिला एक फाईलच दिली, तिचे शेपूट सीटीबी. या तक्त्यात २५५ रंगांसाठी २५५ ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीत त्या रंगाची रेघ कागदावर कोणत्या रंगाने, किती जाड आणि किती गडद उमटवायची ते लिहिलेले असते.

म्हणजे पडद्यावर लाल दिसणारी भिंत कागदावर काळी आणि अर्धा मिलिमीटर जाड येणार, हे रेघेत नव्हे तर या तक्त्यात ठरते. एका कार्यालयात एकच तक्ता असेल तोवर सगळे सुरळीत चालते.

*

गंगापूर रोडच्या बाजूला नदीलगत एक प्लॉट आहे असे धरू. टोटल स्टेशनवर मोजणी करणारा सर्व्हेयर एक फाईल देतो: हद्दी, झाडे, विहीर, विजेचे खांब, जमिनीची उंची दाखवणाऱ्या समपातळी रेषा आणि पूररेषा. वास्तुविशारद इमारतीचे आराखडे करतो. आरसीसी सल्लागार स्तंभांचा नकाशा पाठवतो, प्लंबिंगवाला वेगळा, वीजवाला वेगळा. सर्व्हे आठ दिवसांनी दुरुस्त होऊन पुन्हा येतो, कारण शेजाऱ्याने हद्दीवर हरकत घेतलेली असते. प्रत्येक वेळी सगळे कॉपी-पेस्ट करत बसणे म्हणजे चुकांना आवतण. म्हणून एक ड्रॉइंग दुसऱ्यात फक्त ‘जोडायचे’. मूळ फाईल जिथे आहे तिथेच राहते, यजमान ड्रॉइंगमध्ये तिचे रूप दिसते आणि मूळ बदलले की ताजे रूप येते. हीच एक्स्टर्नल रेफरन्सची सोय. ऑटोकॅडमध्ये ती १९९० च्या अकराव्या आवृत्तीत आली आणि ‘एक्सरेफ’ या नावाने रुळली.

जोडलेल्या फाईलचे लेयर, म्हणजे ड्रॉइंगचे नाव दिलेले थर, यजमानाच्या यादीत दिसतात, पण नावापुढे फाईलचे नाव आणि एक उभी रेघ लागून: ‘सर्व्हे|नदी’, ‘सर्व्हे|पूररेषा’, ‘आरसीसी|स्तंभ’. त्यांचे रंगही सोबत येतात. येत नाही तो सीटीबीचा तक्ता. पाहुण्याने कपडे आपले आणावेत, पण जेवण यजमानाच्या चुलीवरचे, तसे हे आहे. छपाईच्या वेळी चालतो तो फक्त यजमान शीटचा तक्ता, आणि तो सगळ्यांना सारखाच वाढतो. सर्व्हेयरच्या तक्त्यात लाल म्हणजे ०.१८, आरसीसीवाल्याच्या तक्त्यात लाल म्हणजे ०.५, वास्तुविशारदाच्या तक्त्यात लाल म्हणजे रंगीतच लाल, कारण महापालिकेच्या सबमिशनला नियोजित काम लाल दाखवायचे असते. तिघेही आपापल्या कार्यालयात बरोबर. एका शीटवर आले की झाडांचे गोल भिंतींएवढे ठसठशीत होतात, स्तंभ नाहीसे झाल्यासारखे दिसतात आणि समपातळी रेषांच्या जाळ्यात इमारत हरवते.

अशा वेळी हात आधी जातो तो ऑटोकॅडबरोबर तयार मिळणाऱ्या ‘मोनोक्रोम’ तक्त्याकडे. तो २५५ च्या २५५ रंग काळे करतो. शीट एकदम शिस्तीत आल्यासारखी दिसते. पूररेषा काळ्या होतात त्या याच क्षणी.

दुसरी घाई त्याहून महागाची: सर्व्हेची फाईल उघडायची आणि तिचेच रंग बदलायचे. ती फाईल सर्व्हेयरची असते. आठ दिवसांनी दुरुस्त प्रत आली की सगळी मेहनत पुसली जाते. शिवाय तोच सर्व्हे ज्यांनी ज्यांनी जोडलेला आहे त्या प्रत्येकाच्या शीटवर रंग बदलतात, आणि त्यांना ते प्रिंट हातात पडल्यावर कळते. दुसऱ्याच्या फाईलला हात न लावणे हा इथे सभ्यतेपेक्षाही सोयीचा प्रश्न आहे.

रंग बदलायचे ते यजमानाच्या लेयर यादीत. ‘सर्व्हे’ या नावाखालचे सगळे लेयर ऑटोकॅड आपणहून एका गटात लावून ठेवते. ते निवडायचे आणि त्यांना राखाडी, म्हणजे समजा ८ नंबरचा रंग द्यायचा. मूळ फाईलमध्ये नदी निळीच राहते, या शीटपुरती ती ८ नंबर होते. हा बदल टिकायला ‘व्हिसरिटेन’ नावाची एक कळ १ वर असावी लागते. ती ० असली तर संध्याकाळी नीट लावलेले रंग सकाळी फाईल उघडताच पुन्हा मूळचे होतात, आणि मग ‘काल कोण बसले होते या मशीनवर’ अशी चौकशी सुरू होते.

८ नंबर दिला म्हणून कागदावर राखाडी येईलच असेही नाही, मोनोक्रोम तक्ता ८ लाही पूर्ण काळा करतो. त्या तक्त्याची प्रत काढून तिच्यात ८ नंबरच्या ओळीचे ‘स्क्रीनिंग’ खाली आणावे लागते. १०० म्हणजे पूर्ण शाई, ० म्हणजे शाईच नाही. ४० ते ५० च्या आसपास पार्श्वभूमी मागे सरकते, तरी वाचता येते. त्याच ओळीत जाडी ०.१३ किंवा ०.१८ केली की झाडे आणि खांब जागेवर राहून इमारतीला वाट देतात. फार फिके करण्याचा मोह आवरावा, कारण साइटवर ही शीट उन्हात आणि सिमेंटच्या हातांत वाचली जाते.

पडद्यावरचा एक भ्रम इथे अनेकांना फसवतो. ऑटोकॅडमध्ये जोडलेली ड्रॉइंग्ज फिकी दाखवण्याचे एक सेटिंग आहे आणि ते बहुतेक ठिकाणी चालूच असते. काम करणाऱ्याला आपले आणि परक्याचे ओळखू यावे एवढाच त्याचा हेतू. छपाईशी त्याचा काडीचा संबंध नाही. पडद्यावर सर्व्हे छान धूसर दिसतो म्हणून कुणी निर्धास्त प्रिंट काढतो आणि प्लॉटरमधून गडद जंगल बाहेर पडते.

*

एवढे करूनही काही वस्तू हट्टाने लाल राहतात. त्यांचा रंग लेयरवरून आलेला नसतो, त्यांच्यावर थेट लावलेला असतो. लेयर काहीही म्हणो, ‘मी लालच’ असे त्या रेघेत कोरलेले असते. मोजणीच्या यंत्रातून फाईल तयार होताना, इंटरनेटवरून उतरवलेले झाडांचे ब्लॉक, म्हणजे तयार चित्रे, टाकताना किंवा घाईत रंगाची चौकट दाबल्याने असे होते. मूळ फाईलच्या मालकाने ‘सेटबायलेयर’ ही आज्ञा चालवली तर सगळ्या वस्तू पुन्हा लेयरच्या ताब्यात येतात, ब्लॉकच्या पोटातल्या सुद्धा. ते शक्य नसेल तर अलीकडच्या आवृत्त्यांत ‘एक्सरेफओव्हरराइड’ ही कळ १ वर ठेवायची. मग यजमान ड्रॉइंग पाहुण्याच्या प्रत्येक वस्तूला लेयरच्या रंगाचीच समजते आणि मूळ फाईल जशीच्या तशी राहते. फोनवर सर्व्हेयरला सेटबायलेयर समजावत बसण्यापेक्षा हे सोपे.

‘०’ नावाच्या लेयरची गोष्ट वेगळी. पाहुण्या फाईलचा ० लेयर नावापुढे काही लावून येत नाही, तो यजमानाच्या ० मध्येच मिसळतो. त्यावर लेयरच्या रंगाने काढलेल्या वस्तू, ज्या लेयरवर ती अख्खी फाईल जोडली त्याचा रंग घेतात. सर्व्हेयरने निम्मे काम ० वर केले असेल आणि फाईल चुकून ‘दरवाजे’ लेयरवर जोडली गेली असेल, तर निम्मी झाडे दरवाज्यांच्या रंगाची होतात. प्रत्येक रेफरन्ससाठी स्वतंत्र लेयर ठेवणारे ड्राफ्ट्समन असल्या कोड्यात सापडत नाहीत.

एकाच जागेच्या अनेक शीट काढायच्या असतात तेव्हा या साऱ्याचा खरा कस लागतो. सिंहस्थ कुंभमेळ्याचे उदाहरण नाशिकला समजावून सांगायला नको. २०१५ नंतरचे शाही स्नानाचे पर्व २०२७ मध्ये येते आहे. तपोवनातले साधुग्राम, रामकुंडाचे घाट, पंचवटीतले रस्ते हा एकच तळनकाशा, आणि त्यावर पाणीपुरवठा, मलवाहिन्या, वीज, वाहतूक, गर्दीचे मार्ग अशा वेगवेगळ्या गोष्टी दाखवाव्या लागतात. वाहतुकीच्या शीटवर रस्ते ठळक आणि पाण्याच्या वाहिन्या फिक्या हव्यात, पाण्याच्या शीटवर बरोबर उलट. प्रत्येक शीटसाठी वेगळी फाईल केली तर एक रस्ता रुंद झाल्यावर पाच ठिकाणी दुरुस्ती. ऑटोकॅड २००८ पासून शीटवरच्या प्रत्येक खिडकीला, म्हणजे व्ह्यूपोर्टला, लेयरचे वेगळे रंग देता येतात. लेयर तोच, या खिडकीत गडद, शेजारच्या खिडकीत राखाडी. रेफरन्सच्या लेयरनाही ते लागू पडते. मोठ्या नकाशांच्या कामात या एका सोयीने जेवढा वेळ वाचतो तेवढा दुसऱ्या कशाने वाचत नसेल.

*

आता पुन्हा नदीकाठी. शीटवर बाकी सगळे काळे-राखाडी हवे, पण पूररेषा निळी आणि लालच उमटायला हवी. तक्त्यात १ आणि ५ नंबरला रंगीत करून चालत नाही, कारण १ नंबरमध्ये आरसीसीवाल्याची निम्मी ड्रॉइंग्ज आहेत, तीही लाल होतील.

वाट सापडते ती ऑटोकॅडच्या एका स्वभावात. २००४ च्या आवृत्तीपासून २५५ रंगांच्या पलीकडचे ‘ट्रू कलर’ देता येतात: लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ असे तीन आकडे. या रंगांना पेनचा नंबर नाही, म्हणून सीटीबीच्या तक्त्यात त्यांची ओळ नाही आणि मोनोक्रोम तक्ता त्यांना काळे करू शकत नाही. एरवी हा तापच असतो. कुणीतरी हौसेने ट्रू कलर वापरतो आणि काळ्या शीटवर एकच खिडकी मोरपंखी येते. पूररेषेसाठी मात्र नेमके हेच हवे. यजमानाच्या यादीत निळ्या पूररेषेच्या लेयरला ०, ०, २५५ आणि लाल पूररेषेच्या लेयरला २५५, ०, ० द्यायचे, त्यांची जाडी लेयरच्याच रकान्यात ठरवायची आणि बाकी सगळ्यांना मोनोक्रोमच्या हवाली करायचे. दोन रेषा रंगीत येतात, बाकी शीट काळी. ज्यांना असा आडमार्ग आवडत नाही ते २४० च्या पुढचे दोन अनवट नंबर पूररेषांसाठी राखून ठेवतात आणि तक्त्याच्या त्या दोन ओळींतच निळा आणि लाल लिहितात. दुसरी पद्धत अधिक शिस्तीची आहे, पण ती कार्यालयातल्या प्रत्येकाने पाळावी लागते.

रंग सुटला तरी रेषा झाकली जाण्याचा धोका राहतो. नियोजित इमारतीचा लाल भराव वर आला तर त्याखालून जाणारी पूररेषा गडप होते. सर्व्हेची फाईल सर्वांत मागे ढकलायची ही नेहमीची सवय इथे अंगाशी येते, कारण पूररेषा त्याच फाईलमध्ये असते. एक उपाय म्हणजे पूररेषा वेगळ्या छोट्या फाईलमध्ये मागवून ती फाईल सर्वांत वर ठेवायची. दुसरा प्लॉटरच्या सेटिंगमध्ये आहे. एकावर एक आलेल्या रेघांनी खालचे पुसायचे की दोन्हींचे रंग मिसळायचे, हे तिथे निवडता येते. मिसळायचे ठरवले तर लाल भरावावरची निळी रेघ काळपट का होईना, पण दिसते.

पडद्यावरचा शुद्ध निळा कागदावर बहुधा जांभळट येतो. पडदा प्रकाश मिसळतो, प्लॉटर आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई मिसळतो, आणि या शायांना तो निळा नीट जमत नाही. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात १९२५ पासून शासनाची तिकिटे आणि दस्तऐवज छापले जातात. तसल्या छपाईत हवी ती शाई मुद्दाम तयार करून वापरता येते. ड्रॉइंगच्या प्लॉटरला ती चैन नाही. आकड्यांत थोडा हिरवा वाढवला, ०, ९०, २५५ सारखा, तर कागदावरचा निळा निळ्यासारखा दिसतो.

रंगीत प्रिंट निघाली म्हणजे काम संपले असे नाही, कारण कागदाचा प्रवास तिथून सुरू होतो. बँकेला एक प्रत, साइटवर दोन, वकिलाला एक, आणि त्यातल्या निम्म्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स. रंग राखाडीत उतरताना सगळे सारखे उतरत नाहीत. प्रचलित सूत्रात उजळपणाचा ५९ टक्के भार हिरव्याचा, ३० टक्के लालचा आणि केवळ ११ टक्के निळ्याचा. म्हणून शुद्ध निळा जवळजवळ काळा होतो, लाल गडद राखाडी होतो आणि या दोघांतला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही असल्याने तो ८९ टक्के उजळ, म्हणजे कागदात विरघळल्यासारखा. पाडायच्या बांधकामाचे पिवळे पट्टे झेरॉक्सवर नाहीसे होतात ते यामुळे. लाल आणि हिरवा रंग वेगळे न ओळखणारे डोळेही पुष्कळ असतात, विशेषतः पुरुषांत, त्यांची अडचण तर रंगीत प्रतीवरही आहे.

तेव्हा निळी पूररेषा लांब तुकड्यांची आणि लाल पूररेषा एक तुकडा-दोन टिंबे अशी काढावी, आणि रेषेवरच ठरावीक अंतराने तिचे नाव आणि पातळी मीटरमध्ये लिहावी. हे लिखाण सर्व्हेच्या फाईलमध्ये असेल तर त्याच्या लेयरला राखाडी करताना वगळायला विसरू नये. रेघ रंगीत आणि तिचे नाव फिके, अशा शीट कमी दिसत नाहीत. ठिपक्यांचे माप कागदाच्या प्रमाणाशी जुळले आहे का तेही पाहावे, नाहीतर १:५०० च्या शीटवर तुटक रेघ अखंड दिसते आणि एवढी मेहनत वाया जाते.

या गुंत्यावर ऑटोकॅड २००० नेच दुसरा मार्ग दिला होता. छपाईचा आदेश रंगाच्या नंबराला न बांधता ‘जाड भिंत’, ‘फिकी पार्श्वभूमी’ अशा नावांना बांधायचा आणि ती नावे लेयरना द्यायची. त्या फाईलचे शेपूट एसटीबी. विचार म्हणून ही पद्धत सरस आहे, कारण तिच्यात रंग पुन्हा रंग होतो. पण एका ड्रॉइंगला एकच पद्धत चालते आणि सर्व्हेयरपासून वीजवाल्यापर्यंत सगळे सीटीबीवाले असताना एकट्याने एसटीबी धरली की प्रत्येक जोडलेल्या फाईलपाशी अडखळायला होते. भारतातल्या बहुतेक कार्यालयांत ती रुजली नाही, यात नवल नाही.

बाहेर फाईल देण्याची वेळ आली की सगळे एकत्र बांधून एकच फाईल करण्याचा आग्रह होतो. ‘बाइंड’ करताना दोन पर्याय असतात. पहिल्यात ‘सर्व्हे|नदी’चे ‘सर्व्हे$०$नदी’ होते, नाव ओबडधोबड पण लेयर वेगळा राहतो आणि त्याला दिलेला रंगही. दुसऱ्यात, ‘इन्सर्ट’मध्ये, पुढचे नाव गळून पडते, आणि यजमानाकडे आधीच ‘नदी’ नावाचा लेयर असेल तर पाहुण्याची नदी त्यात मिसळून त्याचा रंग घेते. यादी नीटनेटकी दिसते म्हणून दुसरा पर्याय निवडणाऱ्यांनी पूररेषेचे लेयर एकदा उघडून पाहावेत. फाईल बांधायचीच नसेल तर ‘ईट्रान्समिट’ने यजमान ड्रॉइंग, जोडलेल्या सगळ्या फाईली आणि सीटीबीचा तक्ता एका झिपमध्ये जातात. प्लॉटिंगच्या दुकानात नुसती ड्रॉइंगची फाईल पेनड्राइव्हवर नेली तर दुकानदार आपल्याकडचा तक्ता लावतो. तो तक्ता आधीच्या गिऱ्हाइकाने ठेवलेला असतो, आणि त्यात ५ नंबरला काय लिहिले आहे ते प्रिंट बाहेर आल्यावरच दिसते. पीडीएफ करून नेली तर हा प्रश्न उरत नाही, फक्त दुकानाच्या प्रिंटरच्या चौकटीत ‘ग्रेस्केल’वर खूण नाही ना, एवढे काउंटरवरच विचारून घ्यावे लागते.